अनैरिन : हरलेल्या लढाईतल्या वीरांची नावं जपणारा वेल्श कवी

इ.स. ६०० च्या सुमारास, आज जिथे एडिनबरा शहर आहे तिथल्या एका गढीतून घोडेस्वारांची एक तुकडी दक्षिणेकडे निघाली. कत्रैथ नावाच्या ठिकाणी तिची शत्रूशी गाठ पडली आणि जवळपास सगळे स्वार मारले गेले.

जिंकणाऱ्यांच्या इतिहासात या लढाईचा साधा उल्लेखही नाही. मठवासी इतिहासकार बीड याने इ.स. ७३१ मध्ये पूर्ण केलेल्या इंग्रज लोकांच्या इतिहासात ती सापडत नाही. ‘अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल’ या वर्षवार नोंदींच्या ग्रंथातही ती नाही. हरणाऱ्यांचं राज्य तर पुढच्या काही दशकांत संपलंच. तरीही त्या तुकडीतल्या अनेकांची नावं, काहींच्या वडिलांची नावं आणि कोण कसा लढला याचं वर्णन आज वाचता येतं. याचं श्रेय परंपरेने एका कवीला दिलं जातं. त्याचं नाव अनैरिन आणि त्याच्या काव्याचं नाव ‘गोदोदिन’.

वेल्श कवी, पण स्कॉटलंडमध्ये कसा?

रोमन सत्ता इ.स. ४१० च्या सुमारास ब्रिटनमधून गेली. त्या वेळी बेटाच्या मोठ्या भागात ब्रिटन लोक राहत होते आणि त्यांची भाषा आजच्या वेल्श भाषेची आई होती. आजचा वेल्स, उत्तर इंग्लंड आणि दक्षिण स्कॉटलंड या सगळ्या पट्ट्यात ती बोलली जात असे. पुढे पूर्व किनाऱ्यावरून अँगल आणि सॅक्सन लोकांची राज्यं आत पसरत गेली, तसा हा पट्टा तुटत गेला.

उत्तर इंग्लंड आणि दक्षिण स्कॉटलंडमधल्या ब्रिटन राज्यांना वेल्श परंपरेत ‘हेन ओग्लेद’, म्हणजे जुना उत्तर प्रदेश, असं म्हणतात. रेगेद, स्ट्रॅथक्लाइड आणि गोदोदिन ही त्यातली प्रमुख राज्यं. गोदोदिन हे आधी एका जमातीचं नाव होतं. रोमन काळात तिला ‘व्होटादिनी’ म्हणत. तिची गढी होती दिन ऐदिन. एडिनबरा या नावातला ‘एडिन’ तिथूनच आला आहे.

‘वेल्श’ हा शब्द इंग्रजांनी दिलेला आहे. जुन्या इंग्रजीतल्या ज्या शब्दावरून तो आला, त्याचा अर्थ परका. वेल्श लोक स्वतःला ‘कम्री’ म्हणतात आणि त्याचा मूळ अर्थ आहे एकाच मुलखातले लोक. इंग्लंडच्या वायव्येकडच्या कंब्रिया या भागाचं नावही याच शब्दावरून पडलं. म्हणजे अनैरिन जिथे गायला तो प्रदेश आज स्कॉटलंडमध्ये आहे, पण त्याचं काव्य जपलं वेल्सने.

बार्ड म्हणजे कोण?

बार्ड हा दरबारी कवी. मराठीत त्याच्या सर्वांत जवळ जाणारा शब्द भाट. राजाची आणि त्याच्या योद्ध्यांची स्तुती करणं, मेलेल्यांसाठी शोकगीत रचणं आणि घराण्याची वंशावळ तोंडपाठ ठेवणं ही त्याची कामं होती. हे काव्य वाचण्यासाठी लिहिलेलं नसे. ते दरबारात, सगळ्यांसमोर म्हटलं जाई.

बार्डचं स्थान किती वरचं होतं हे मध्ययुगीन वेल्श कायद्यांवरून कळतं. हे कायदे दहाव्या शतकातल्या हवेल दा या राजाच्या नावाने ओळखले जातात. त्यांची आज उपलब्ध असलेली हस्तलिखितं मात्र १३ व्या शतकापासूनची आहेत, त्यामुळे ती अनैरिनच्या काळाचा थेट पुरावा ठरत नाहीत. तरी परंपरा कशी होती याची कल्पना त्यांतून येते.

कायद्यांनुसार राजाच्या दरबारात २४ अधिकारी असत आणि ‘बार्द तैली’, म्हणजे राजाच्या लढवय्या पथकाचा कवी, हा त्यांपैकी एक. पथक लढाईला सज्ज झालं की त्याने ब्रिटनच्या सार्वभौमत्वाचं गीत म्हणायचं. लूट मिळाली की त्यात त्याचा वाटा ठरलेला. राणीने आपल्या दालनात गाणं ऐकायचं म्हटलं, तर दरबाराला त्रास होणार नाही अशा हलक्या आवाजात गायचं, असाही नियम होता. त्याच्याहून वरचा ‘पेनकेर्द’, म्हणजे कवींचा प्रमुख. ती जागा त्याला काव्याच्या चढाओढीत जिंकून मिळवावी लागे.

सगळ्यांनाच हे कवी आवडत होते असं नाही. सहाव्या शतकातला धर्मगुरू गिल्दास याने ब्रिटन राजांवर कडक टीका केली आहे. ग्विनेदचा राजा मेलगुन देवाची स्तुती ऐकायची सोडून स्वतःचीच स्तुती ऐकत बसतो आणि ती गाणारे खोटं बोलतात, असा त्याचा आरोप होता. ही तक्रार अभ्यासकांसाठी मोलाची ठरली, कारण त्या काळी दरबारी स्तुतिकाव्य खरोखर होतं याचा तो समकालीन पुरावा आहे.

अनैरिनचं नाव सर्वांत आधी कुठे येतं?

इ.स. ८३० च्या सुमारास लिहिलेल्या ‘हिस्टोरिया ब्रिटोनम’ या लॅटिन ग्रंथात. बर्निसियाचा राजा इदा याच्या काळाबद्दल सांगताना हा ग्रंथ ब्रिटन भाषेत कीर्ती मिळवलेल्या पाच कवींची नावं देतो. ती अशी: तालहायर्न, नैरिन, तालिएसिन, ब्लुखबार्द आणि कियान. यातला नैरिन म्हणजेच अनैरिन. इदाची कारकीर्द इ.स. ५४७ ते ५५९ अशी मानली जाते.

या पाचांपैकी फक्त दोघांच्या नावावरचं काव्य आज उपलब्ध आहे. तालिएसिन हा रेगेदचा राजा उरिएन आणि त्याचा मुलगा ओवाइन यांचा कवी. त्याच्या काव्यात विजय आहेत, दानशूर राजा आहे आणि शेवटी ओवाइनचं शोकगीत आहे. अनैरिनच्या वाट्याला पराभव आला.

कत्रैथला काय झालं?

काव्यातून जी गोष्ट जुळवता येते ती थोडक्यात अशी. गोदोदिनच्या धन्याने निवडक योद्धे दिन ऐदिनला जमवले. त्यांत शेजारच्या राज्यांतून आलेलेही होते. त्याने त्यांना वर्षभर मीड पाजलं. मीड म्हणजे मध आंबवून केलेलं मद्य. मग ही तुकडी कत्रैथवर चालून गेली आणि संख्येने कितीतरी मोठ्या शत्रूपुढे कापली गेली. बहुतेक कडव्यांत योद्ध्यांची संख्या ३०० आहे, काही ठिकाणी ती ३६३ होते. वाचला तो एकच, असं काही कडवी म्हणतात. दुसऱ्या ठिकाणी कवीखेरीज तिघे वाचले असं आहे.

कत्रैथ म्हणजे उत्तर यॉर्कशायरमधलं आजचं कॅटरिक, असं बहुतेक अभ्यासक मानतात. एडिनबरापासून ते सरळ रेषेत सुमारे २०० किलोमीटरवर आहे. रोमनांनी बांधलेला उत्तर-दक्षिण रस्ता इथे स्वेल नदी ओलांडतो आणि थोडं उत्तरेला त्याला पश्चिमेकडे जाणारा फाटा फुटतो. हे ठिकाण हाती असणं म्हणजे दोन्ही वाटांवर पहारा ठेवणं. एवढ्या लांब जाऊन लढण्याचं कारण यात दिसतं.

ज्याने मेजवानी दिली त्याचं नाव काव्यात मनुदोग म्वीनवाउर असं येतं. तो गोदोदिनचा राजा होता असं बराच काळ मानलं गेलं. हे माणसाचं नाव नसून श्रीमंत डोंगरी गढीचं वर्णन आहे, असं काही अभ्यासकांनी नंतर दाखवून दिलं. तसं असेल तर योद्ध्यांचा यजमान एखादा राजा नव्हता, ती गढीच होती.

या काव्यात आहे काय?

वीरकाव्य म्हटलं की सुरुवात, लढाई आणि शेवट असलेली एक लांबलचक कथा डोळ्यांसमोर येते. ‘गोदोदिन’मध्ये अशी सलग कथा नाही. ही सुट्या शोकगीतांची माळ आहे. बहुतेक कडवी एकेका वीरावर आहेत, काही संपूर्ण तुकडीवर. कत्रैथला गेलेल्या माणसांचा उल्लेख करून सुरू होणारी कडवी तर ओळीने येतात. एकाच यमकावर बांधलेल्या ओळी आणि एकाच अक्षराने सुरू होणारे शब्द यांमुळे हे काव्य पाठ करायला सोपं होतं.

यातला आदर्श वीर दोन बाजूंचा आहे. रणांगणावर तो सगळ्यांच्या पुढे असतो आणि माघार घेत नाही. घरी मात्र तो शांत, उदार आणि बायकांसमोर लाजणारा असतो. पहिलंच शोकगीत ओवाइन नावाच्या एका तरुणावर आहे. हा उरिएनचा मुलगा ओवाइन नव्हे. पराक्रम मोठ्या माणसाचा पण वय कोवळं, लग्न व्हायच्या आधीच मरण आलं, अशी ती हळहळ आहे. वीरांच्या गळ्यात सोन्याचे कडे आहेत, हातात भाले आणि तलवारी आहेत. ते ख्रिस्ती आहेत आणि लढाईआधी चर्चमध्ये जाऊन पापांची कबुली देतात.

पुन्हा पुन्हा येणारी कल्पना मीडची आहे. वीरांनी मीडची किंमत चुकती केली, असं कवी म्हणतो. यामागे त्या समाजाचा एक करार आहे. धनी योद्ध्याला घोडा, सोनं आणि आपल्या पंगतीत जागा देतो. त्या बदल्यात वेळ आली की योद्धा जीव देतो. या करारात कवी हा तिसरा. मेलेल्याचं नाव मरू न देणं हा त्याचा वाटा. कवीने कोणाला वगळलं तर त्या माणसाचं मरण वाया गेलं, असा त्याचा अर्थ होता.

म्हणून कवी पराभव लपवत नाही. मीड गोड होतं पण त्याची चव पुढे कडू झाली, हे तो स्पष्ट सांगतो. वीरांची स्तुती करताना त्यांच्या आयांच्या डोळ्यांतल्या पाण्याचाही उल्लेख करतो. गिल्दासने ज्यांना खुशमस्करे म्हटलं, त्याच परंपरेतून इतकं सरळ बोलणारं काव्य आलं.

३८ पानांचं हस्तलिखित

हे सगळं आज ज्याच्यामुळे माहीत आहे ते ‘अनैरिनचं पुस्तक’ हे हस्तलिखित १३ व्या शतकाच्या उत्तरार्धात लिहिलं गेलं. म्हणजे लढाईनंतर सुमारे साडेसहाशे वर्षांनी. चामड्याच्या पानांचं हे पुस्तक जेमतेम ३८ पृष्ठांचं आहे आणि ते कार्डिफच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या मालकीचं आहे.

त्यात दोन लेखनिकांचं अक्षर आहे. पहिल्याने ८८ कडवी आपल्या काळातल्या भाषेत लिहिली. दुसऱ्याने ३५ कडवी लिहिली आणि त्यातल्या काहींचं लेखन त्याने जुन्या प्रतीत होतं तसंच ठेवलं. ही जुनी धाटणी नवव्या-दहाव्या शतकातली आहे. त्यामुळे १३ व्या शतकाच्या कितीतरी आधी हे काव्य कागदावर, नेमकं सांगायचं तर चामड्यावर, उतरलेलं होतं हे सिद्ध होतं. दोघांची काही कडवी एकच आहेत, पण शब्द वेगळे आहेत. पिढ्यानपिढ्या तोंडी चालत आलेल्या काव्यात असंच होतं.

याच पुस्तकात लेखनिकाची एक टीप आहे. काव्याच्या चढाओढीत ‘गोदोदिन’च्या प्रत्येक कडव्याला एका गीताचा मान आहे आणि त्याला जोडलेल्या काही खास गीतांना प्रत्येकी ३६३ गीतांचा. कारण कत्रैथला तितकी माणसं गेली. योद्ध्याने जसं शस्त्राशिवाय लढाईला जाऊ नये, तसं कवीने हे गीत पाठ केल्याशिवाय चढाओढीला जाऊ नये, असंही ती टीप बजावते. साडेसहाशे वर्षांनीही कवींच्या शिक्षणात या मेलेल्या माणसांची मोजदाद चालू होती.

आर्थर आणि अंगाईगीत

‘गोदोदिन’ची चर्चा बाहेरच्या जगात सर्वांत जास्त होते ती एका नावामुळे. एका कडव्यात ग्वाउरदिर नावाच्या वीराचं कौतुक आहे आणि तो आर्थर नव्हता, अशी पुस्तीही आहे. म्हणजे वीर मोठा, पण आर्थरची बरोबरी नाही. हे शब्द मूळ रचनेतलेच असतील तर राजा आर्थरचा जगातला सर्वांत जुना उल्लेख हाच ठरतो. नंतरच्या गायकांनी ते घातले असतील तर मात्र तो मान जातो. यावर एकमत नाही.

दुसरी नवलाची गोष्ट म्हणजे लढाईच्या या काव्यात मध्येच आलेलं एक अंगाईगीत. दिनोगाद नावाच्या बाळाच्या अंगावर मार्टेन या मुंगसासारख्या प्राण्याच्या कातडीचं अंगडं आहे. त्याचे वडील कुत्र्यांना हाका मारत शिकारीला कसे जायचे आणि हरीण, रानडुक्कर, धबधब्यातले मासे कसे आणायचे, हे त्यात सांगितलं आहे. या गीताचा कत्रैथशी काहीच संबंध नाही. जुन्या प्रतीच्या समासात कोणीतरी ते लिहून ठेवलं असावं आणि पुढच्या लेखनिकाने मूळ मजकूर समजून उतरवून घेतलं असावं, असं मानलं जातं. गीतात भूतकाळ आहे. त्यामुळे बाळाचे वडील हयात नाहीत, असा अर्थ अनेक जण काढतात. अशा रीतीने चुकून का होईना, पण वीराच्या मागे राहिलेल्या घराचा आवाजही या पुस्तकात आला.

यातलं अस्सल किती?

काव्यात नंतर भर पडली आहे हे नक्की. एका कडव्यात दाल रियादाचा राजा दोनाल ब्रेक याच्या मृत्यूचं वर्णन आहे. तो इ.स. ६४२ मध्ये स्ट्रॅथक्लाइडच्या ब्रिटनांशी लढताना मारला गेला. कत्रैथनंतरची ही घटना मूळ काव्यात असणं शक्यच नाही. आणखी एका कडव्यात तर अनैरिन मातीआड गेल्याचा उल्लेख आहे. ते उघडच नंतरच्या कोणा गायकाचं आहे.

वेल्श भाषेचे अभ्यासक इव्होर विल्यम्स यांनी १९३८ मध्ये या काव्याची सटीप आवृत्ती काढली. काव्याचा गाभा सहाव्या शतकाच्या अखेरचा आहे, असं त्यांचं मत होतं. केनेथ जॅक्सन यांनी १९६९ मध्ये इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला आणि त्याला स्कॉटलंडचं सर्वांत जुनं काव्य म्हटलं. जॉन कॉख यांनी १९९७ मध्ये मूळ भाषा कशी असेल ते पुन्हा बांधून दाखवण्याचा प्रयत्न केला. त्यांच्या मते लढाई आणखी आधी, इ.स. ५७० च्या सुमारास झाली आणि समोर अँगलांबरोबर काही ब्रिटनही होते. तालिएसिनच्या एका कवितेत उरिएनला कत्रैथचा धनी म्हटलं आहे, हा धागा त्यांना महत्त्वाचा वाटतो. याउलट, भाषेत नवव्या-दहाव्या शतकापेक्षा जुनं असं ठामपणे काही दाखवता येत नाही, असं म्हणणारेही अभ्यासक आहेत.

एका मुद्द्यावर मात्र बऱ्याच जणांना वजन वाटतं. नंतर कोणी बनावट वीरकाव्य रचलं असतं, तर त्याने विस्मरणात गेलेल्या राज्याचा दारुण पराभव का निवडला असता? आणि इतर कुठेही न सापडणारी इतकी नावं का घातली असती?

अनैरिनचा शेवट

मध्ययुगीन वेल्श कवी ऐतिहासिक आठवणी तीन-तीनच्या गटांत पाठ करत. त्यांना ‘त्रिके’ म्हणता येईल. ‘कुऱ्हाडीचे तीन दुर्दैवी घाव’ या त्रिकात पहिला घाव अनैरिनच्या डोक्यावर बसलेला आहे आणि मारणाऱ्याचं नाव हैदिन असं दिलं आहे. ही दंतकथाही असू शकेल. पण कवीवरचा घाव हे ब्रिटनवर आलेलं संकट म्हणून गणलं गेलं, ही गोष्ट बोलकी आहे. त्याच परंपरेत त्याला कवींचा राजा म्हटलं आहे.

गोदोदिनचं राज्यही फार टिकलं नाही. आयर्लंडच्या वर्षवार नोंदींत इ.स. ६३८ मध्ये एतिनला वेढा पडल्याचं लिहिलं आहे. हे एतिन म्हणजे दिन ऐदिन असं मानतात. त्यानंतर हा भाग नॉर्थंब्रियाच्या अँगलांकडे गेला. जुन्या उत्तरेच्या आठवणी मग वेल्समध्ये जपल्या गेल्या.

विसाव्या शतकातलं कत्रैथ

या काव्याला नवा अर्थ पहिल्या महायुद्धाने दिला. डेव्हिड जोन्स हा कवी-चित्रकार वेल्श पलटणीत शिपाई होता आणि १९१६ मध्ये मामेत्झच्या जंगलातल्या लढाईत जखमी झाला. त्या अनुभवावरचं त्याचं ‘इन पॅरेंथेसिस’ हे पुस्तक १९३७ मध्ये आलं. त्याच्या सातही भागांच्या सुरुवातीला त्याने ‘गोदोदिन’मधलं अवतरण दिलं आहे.

वेल्समध्ये ‘आयस्तेदवोद’ या काव्य-संगीत महोत्सवात आजही सर्वश्रेष्ठ कवीला खुर्ची देऊन गौरवतात. सप्टेंबर १९१७ मध्ये बर्कनहेडला भरलेल्या महोत्सवात विजेत्याचं टोपणनाव पुकारलं गेलं, पण कोणी उठलं नाही. तो कवी होता हेद विन, एक मेंढपाळ शेतकरी. ३१ जुलै रोजी तो बेल्जियममधल्या आघाडीवर मारला गेला होता. रिकाम्या खुर्चीवर काळं कापड टाकण्यात आलं. त्याच्या विजेत्या कवितेचं नाव होतं ‘वीर’.

ती काळी खुर्ची वेल्समध्ये ट्रॉसव्हनिथजवळच्या त्याच्या घरी जपून ठेवली आहे. मेलेल्याचं नाव मरू द्यायचं नाही, हे बार्डचं जुनं काम तिथे एका बार्डसाठीच केलं गेलं.